वाहून गेलेली माती

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि सोलापूर, धाराशिवकडच्या कित्येक शेतांतली मातीच खरडून गेली. अशा वेळी आपण पुणेकर धान्य, कपडे पाठवतो. ते योग्यच, पण थोडे गणित करून पाहा. एका हेक्टरवरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे १,५०० घनमीटर. घनता पाण्याच्या १.३ पट धरली, तर सुमारे २,००० टन माती! ट्रॉलीत ४ टन मावले, तर ५०० खेपा. बुडालेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. एवढा थर घडवायला मात्र निसर्गाला हजारो वर्षे लागतात. म्हणून शाळांच्या मदतफेरीतला निम्मा पैसा तरी तलावातला गाळ शेतात नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी राखावा, असे माझे मत आहे. गाळ आधी तपासून घ्यावा; तो खारवट निघाला, तर साऱ्या खेपा फुकट.