तुटलेले दोर

चैत्री यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर उंच सासनकाठ्या नाचतात. काठी एकाने पेलली, तरी तिचा तोल दोर धरणारे अनेक हात सांभाळतात. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकराने नेमके हे दोरच तोडले. सनद निलंबित झाल्याचा अपमान त्याच्या मनाला डसला आणि विसराळूपणासाठी त्याने प्याला उचलला. परंतु कुणाचा आधार घेणे म्हणजे हीनपणा, हा त्याचा ताठा दारूच्याही आधीचा आहे. त्याच्या मानीपणापायी सिंधूने माहेरची मदत नाकारली व दळणे दळली. स्वाभिमान त्याचा, जाते मात्र तिच्या हाती! व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांनी म्हणूनच बाटलीइतकाच या पुरुषी अहंकाराशीही झगडा मांडला पाहिजे.