माकडतापाची सूचना मराठीतही हवी

काजूचा हंगाम आला की खानापूरच्या पश्चिम भागातील मजूर घाट उतरून सत्तरीत जातात. पोटासाठी तुडविली जाणारी ही वाट जुनीच आहे. तिच्यावर दबा धरून बसलेले संकट मात्र नवे आहे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप 2015 साली सत्तरीत व 2016 साली दोडामार्गात फैलावला. त्याच 2016 साली गोव्यातील काजूबागांत राबून परतलेले बेळगाव जिल्ह्यातील मजूर ह्या तापाने अंथरुणास खिळले. राज्यांच्या सीमा विषाणूने सहज ओलांडल्या!

हा विषाणू गोचिडांच्या दंशाने माणसात शिरतो. रानउंदीर व चिचुंद्र्या ह्यांच्या रक्तावर गोचिडांची पिले पोसतात. माकडे मेली म्हणजे त्यांच्या अंगावरील गोचीड आसपास पसरतात. दंशानंतर तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून कडक ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काहींना रक्तस्रावही होतो. शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात. ह्या रोगावर खास असे औषध नाही, आणि जुनी लस निष्प्रभ ठरल्याने तिचा वापर थांबला आहे. तेव्हा सावधगिरी हीच ढाल.

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगास गोचीडरोधक तेल लावावे, पाचोळ्यावर बसू वा निजू नये. घरी येताच गरम पाण्याने स्नान करावे व कपडेही गरम पाण्यात धुवावेत. मेलेल्या माकडास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. ताप आल्यास आपण कोणत्या रानात गेलो होतो, हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

पण ही सूचना मजुराला समजेल अशा भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग काय? जेथे भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे तत्त्व केंद्र सरकारने 1956 सालीच मान्य केले आहे. आमचा कन्नडला विरोध नाही. गोव्यात राबणाऱ्या कन्नड मजुरास कन्नडमध्येच सूचना मिळावी, असेच आम्ही म्हणू. मग खानापूरच्या मराठी मजुरास मराठीत का नको?

सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो; ताप त्यासाठी थांबणार नाही. सरकारकडे ही मागणी करीत असतानाच, ज्यांना वाचता येते अशा प्रत्येक सीमावासीयाने घाट उतरणाऱ्या आपल्या बांधवांस वरील चार गोष्टी आजच वाचून दाखवाव्यात. भाषेचे प्रेम हे असेही सिद्ध करावयाचे असते.