दिव्याचा हिशेब

६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज जाते. जवळजवळ तेवढाच प्रकाश देणारा ९ वॅटचा एलईडी बल्ब दीड युनिटही घेत नाही. कारण जुन्या बल्बमधील तार मुख्यतः उष्णताच देते. (कोंबडीच्या पिलांना त्या बल्बखाली ऊब देणाऱ्यांस हे सांगावयास नको.)

२०१५ मध्ये सरकारने असे बल्ब स्वस्तात देण्याची योजना काढली. कर्नाटकात तिचे नाव ‘होस बेळकु’, म्हणजे नवा उजेड. आमच्या सांबऱ्यासारख्या गावांतून ज्या गृहिणींनी तेव्हाच बल्ब बदलले, त्यांच्या पदरात पुढे काय पडले? २०२३ साली ‘गृहज्योती’ आली. मोफत विजेची मर्यादा ठरली ती २०२२-२३ मधील सरासरी वापर अधिक दहा टक्के, जास्तीत जास्त २०० युनिट. म्हणजे काटकसरी घराची ओंजळ लहान आणि सढळ हाताच्या घराची मोठी! हा न्याय आम्हांस पटला नाही.

तथापि ज्यांचा वापर २०० च्या उंबरठ्यावर आहे, त्यांनी हिशेब करून पाहावा. तो ओलांडला की त्या महिन्याचे संपूर्ण बिल अंगावर येते. आणि चार जुने बल्ब बदलले तर तीस युनिट वाचतात. आरंभ स्वयंपाकघरापासून करावा. तेथला दिवा पहाटे सर्वांआधी लागतो व रात्री सर्वांमागून मालवतो.