बोटभर दुखणे, हातभर दुर्लक्ष

आपल्याकडे दुखण्यांतही लहानथोर मानण्याची रीत आहे. खेळाडूचा गुडघा दुखावला की चार जण उचलायला धावतात, खांदा निखळला की गाडी बोलावली जाते. पायाचे बोट मोडले तर मात्र लोक हसतात. ‘एवढ्याशा बोटाचे काय घेऊन बसलीस?’ हे वाक्य कबड्डीच्या मैदानावर ऐकले नाही असा खेळाडू विरळा. त्या वाक्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेखप्रपंच. माझे म्हणणे थोडक्यात असे : जखमी खेळाडूने मैदानावर केव्हा परतायचे हे सामन्याच्या तारखेवरून ठरू नये, त्याच्या पायावरून ठरावे, आणि तसे ठरवता येईल अशी सोय महाविद्यालयाने करावी.

प्रथम या ‘एवढ्याशा’ बोटाचे काम पाहू. पायाच्या अंगठ्यात दोन हाडे असतात, बाकीच्या बोटांत बहुधा तीन-तीन. चालताना टाच उचलली गेल्यावर शरीर पुढे ढकलण्याचे काम अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे करतात. कबड्डी तर सगळीच चवड्यावर चालते. बोनस गुण घेताना पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला असताना मागचा पाय हवेत असावा लागतो. तो मागचा पाय जमीन सोडतो तेव्हा शेवटचा रेटा बोटांचाच असतो. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर आणि बूट घालून होतात. आपला सराव मात्र अजून मातीवर अनवाणी चालतो. पकडीच्या झटापटीत बोट कोणाच्या तरी घोट्यावर आपटते किंवा मातीत मुडपते, हे रोजचेच.

अशा वेळी मैदानावर दोन समजुती हटकून पुढे येतात. पहिली, ‘बोट हलते ना, मग मोडलेले नाही.’ ही चूक आहे. हाड मोडूनही बोट हलू शकते. दुसरी, ‘ओढून सरळ कर, चोळून मोकळे कर.’ ही तर घातकच, कारण ओढाताणीने हाडाचे तुकडे सरकू शकतात.

गेल्या वर्षी सरावात माझ्या उजव्या पायाची करंगळी अशीच काळीनिळी झाली. ओढून देणारे हात लगेच पुढे आले होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दवाखान्याची पायरी ताप आठ दिवस उतरला नाही तरच चढायची, अशी आमची पद्धत. पण माझी आई मजुरीला जाते. पाय अधू झाला की रोज बुडतो, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तिने दुसऱ्या दिवशी मला ग्रामीण रुग्णालयात नेले. एक्स-रेत हाडाला बारीक तडा दिसला. शेजारच्या बोटाच्या आधाराने करंगळी बांधून घेऊन मी सहा आठवडे थांबले. पाचव्या आठवड्यात विभागीय सामने झाले. त्या वर्षीचे प्रमाणपत्र गेले, आणि पुढे संघातली जागा राहील की नाही हे सांगायला कोणताच नियम नव्हता.

खरी गोची येथेच आहे. आमच्यासारख्या घरांतून येणाऱ्या मुलामुलींना खेळ ही नुसती हौस नसते. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तेथे पोहोचायचे तर आधी महाविद्यालयाच्या संघात टिकावे लागते. म्हणून मुलगे दुखणे क्रीडाशिक्षकांपासून लपवतात. मुली ते घरापासून लपवतात, कारण लंगडत घरी गेलेल्या मुलीचा खेळच बंद होतो. दोघांचे भय खरे आहे. लपवू नका असा नुसता उपदेश करून ते जाणार नाही.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, ‘आम्ही फाटक्या पायांनी खेळलो.’ त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण जे खेळत राहिले त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतो. जे लंगडत गावी गेले आणि परत मैदानावर दिसले नाहीत, त्यांची गोष्ट सांगायला कोणी नसते.

मग करावे काय? पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय उंचावर ठेवावा आणि बर्फ फडक्यात गुंडाळून दिवसातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटे लावावा; उघड्या त्वचेवर लावू नये. शेक आणि मालीश या दिवसांत नको. करंगळी किंवा मधले बोट सरळ असेल तर ते शेजारच्या बोटाशी चिकटपट्टीने बांधतात. मध्ये कापूस ठेवावा, पट्टी घट्ट करू नये, भिजली की बदलावी. तळवा कडक असलेला बूट बरा. पण अंगठा दुखावला, बोट वाकडे दिसले, जखम उघडी असली, बोट बधिर, थंड किंवा पांढरे पडले, तर घरचा उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. खर्चाची धास्ती बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत.

दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, असे आपण म्हणतो. साध्या मोडीला सहसा चार ते सहा आठवडे लागतात, अंगठ्याला अधिक. सूज त्यानंतरही रेंगाळते. या काळात बसून करायचे हाताचे आणि पोटाचे व्यायाम चालू ठेवता येतात. जोर मात्र काढू नयेत, कारण त्यात पायाची बोटे मुडपून भार घेतात.

परतण्याची कसोटी आपल्या अंगणातच आहे. न लंगडता चालता आले पाहिजे. मग दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभे राहून पाहावे. ते साधले की त्याच पायावर लंगडी घालून पाहावी. नंतर सरळ धावणे, मग वळणे आणि उडी, मग चढाई, आणि सर्वांत शेवटी पकड. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पाहावा. सूज वा ठणका वाढला असेल तर एक पायरी मागे यावे. वेदनाशामक गोळी घेऊन ही कसोटी देण्यात अर्थ नाही. त्याने फक्त दुखणे झाकले जाते.

जिमखाना समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. मैदानावर बर्फाची पेटी, कापूस आणि चिकटपट्टी असावी. वरील कसोटी पार केल्याशिवाय क्रीडाशिक्षकांनी कोणासही मैदानात उतरवू नये. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : दुखापत सांगणाऱ्या खेळाडूला बरे झाल्यावर निवड चाचणीची संधी मिळेल, असा लेखी नियम सूचनाफलकावर लागावा. पहिल्या दोन गोष्टींना थोडे पैसे आणि थोडी शिस्त लागेल. तिसरीला एक कागद पुरेल. आणि तो कागद लागला, की दुखणे लपवण्याचे निम्मे कारण त्याच दिवशी संपेल.