‘अतिरिक्त’ कोण ठरविणार?

एस. टी. महामंडळाच्या ‘अतिरिक्त’ जमिनी खासगी विकासकांना देताना भाडेपट्ट्याची मुदत ६० वर्षांवरून ९८ वर्षांपर्यंत वाढविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला. महामंडळ तोट्याने वाकले आहे, हे सर्वश्रुत आहे. मोक्याच्या जागा नुसत्या पडून राहाव्यात, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. वरच्या मजल्यावरील दुकानांच्या भाड्यातून खालच्या गाड्या धावणार असतील, तर ते स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो ‘अतिरिक्त’ या एका शब्दाचा.

सिंधुदुर्गाला या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. पण ती मालवणात येत नाही. कुडाळ वा कणकवली गाठावयाची, तर सामान्य माणसाला एस. टी.चाच आधार. शाळा-महाविद्यालयांतील मुले, कचेरीतील कारकून, आचऱ्याहून वा देवबागेहून तालुक्याच्या गावी येणारे रुग्ण यांची पावले प्रथम स्थानकातच पडतात. पर्यटनामुळे मालवणातील गर्दी वाढत आहे. उद्या गाड्या वाढवावयाच्या झाल्या, तर भर गावात दुसरी जागा कोठून आणणार?

शब्दाच्या अर्थाने जमीन कशी हातची जाते, हे कोकणी माणसाने गिरणगावात पाहिले आहे. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींचे, सरकारी मालकीच्या गिरण्यांसह, तीन वाटे करून त्यांतील दोन मोकळ्या मैदानांसाठी व सार्वजनिक घरांसाठी द्यावेत, असा नियम १९९१ साली झाला. २००१ साली त्यात बदल होऊन हे वाटे केवळ मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. बांधकामाखालची जमीन हिशेबातून वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल ग्राह्य धरला. मैदानांचा वाटा आक्रसला आणि उंच मनोरे उभे राहिले.

एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरकडे निघाली. म्हणजे खुद्द एस. टी.लाही अद्याप ९८ वर्षे झालेली नाहीत. तेव्हा इतक्या दीर्घ मुदतीचा करार करण्यापूर्वी प्रत्येक स्थानकाच्या पुढील गरजांचा आराखडा प्रसिद्ध व्हावा, त्यावर प्रवाशांच्या हरकती ऐकल्या जाव्यात आणि मगच कोणती जमीन अतिरिक्त ते ठरावे. फलाट, स्वच्छतागृहे व चालक-वाहकांची विश्रांतिगृहे आधी बांधावीत, दुकाने नंतर. ४९ वर्षांनंतरचे नूतनीकरण आपोआप न होता, पुन्हा तपासणी होऊनच व्हावे. मिळणारे उत्पन्न गाड्यांवरच खर्च व्हावे.

जमीन अतिरिक्त ठरविण्याची घाई झाली, की पुढे प्रवासीच अतिरिक्त ठरण्यास वेळ लागत नाही.