साहेब, ड्युटी म्हणजे काय?

२०२५च्या दिवाळीनंतर गेवराईला जाणे झाले. पस्तीसएक वर्षांपूर्वी तिथल्या शाखेत मी पीककर्जाचे काम पाहत असे. एस.टी. स्टँडबाहेर एक जुने खातेदार भेटले. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. त्यांनी चहा सांगितला आणि बशीत ओतता ओतता विचारले, "साहेब, कापसावरची ड्युटी काढली म्हणतेत. म्हंजी आपलं काय झालं?"

तीस वर्षे आकड्यांत काढलेला माणूस मी, पण एका दमात उत्तर देता आले नाही.

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. शुल्क गेले की परदेशी रुई गिरण्यांना स्वस्त पडते आणि इथला भाव दबतो. आपल्याकडे वेचणी सुरू होते दसऱ्याच्या आगेमागे. म्हणजे आबांचा कापूस घरात यायला आणि बाहेरची रुई बंदरात उतरायला एकच गाठ पडली. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्याला झोडपले होते. लांब धाग्याला २०२५-२६च्या हंगामात हमीभाव ८,११० रुपये होता खरा. पण तो मिळणार होता ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल आणि 'कपास किसान' ॲपवर नोंदणी केली असेल तर!

दुसरी बाजूही पोटापाण्याचीच आहे. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या बहुतेक मालावर ५० टक्के शुल्क लावले. सूतगिरणीतला कामगार, तिरुप्पूरला कपडे शिवणारी बाई यांना स्वस्त रुई हवीच होती. एकाचा घास वाचवताना दुसऱ्याच्या ताटातले किती जाते, हे मोजणे म्हणजेच व्यापारधोरणाचे संशोधन. हे काम दिल्लीत चालते. तिथे १९६३ साली भारतीय विदेश व्यापार संस्था निघाली. जागतिक व्यापार संघटनेच्या अभ्यासाचे केंद्रही १९९९ साली निघाले. पण दिल्लीतला अभ्यास गेवराईच्या मोंढ्यापर्यंत पोचवायचा कोणी?

आमच्या नोकरीच्या काळी याची गरज फारशी भासली नाही. १९७२पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस सरकारलाच घालायचा, भाव सरकारने सांगायचा. मलाही प्रशिक्षणात कर्ज कसे द्यावे नि कसे वसूल करावे हे शिकवले. ज्या भावावर ती वसुली उभी, तो कुठे ठरतो हे मीही विचारले नाही. पुढे बाजार मोकळा झाला. दार उघडले, पण बाहेरची वाट कुणी दाखवली नाही.

एकाच बोंडाच्या तीन भाषा आहेत. आबा बोलतात क्विंटलभर कापसाची. जिनिंगवाला बोलतो खंडीची, म्हणजे ३५६ किलो रुईची. न्यूयॉर्कचा बाजार बोलतो पौंडामागे सेंटची. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरलेल्यात बहुतेक सरकी. म्हणजे खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. सातवीतल्या मुलाला जमेल असा हा हिशेब आहे. तो ज्याला येतो त्याला कापूस आज घालावा की थांबावे, हे निदान चाचपता येते.

अभ्यासाने काय होते ते ब्राझीलने दाखवले. अमेरिका आपल्या शेतकऱ्यांना देते त्या अनुदानाने जगात कापसाचा भाव पडतो, अशी तक्रार त्या देशाने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे केली. अर्थतज्ज्ञांनी भाव किती पडतो ते मांडून दाखवले. ब्राझील जिंकला आणि २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. नुसत्या घोषणांनी हे झाले नसते. वह्या भराव्या लागल्या.

गेवराईत संशोधन संस्थेची इमारत बांधा, असे मी म्हणत नाही. कोनशिला आपल्याकडे पुष्कळ आहेत. तालुक्यात खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, गावात महाविद्यालय आहे, बाजार समिती आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी मोंढ्यातली आवक आणि भाव रोज टिपावेत. वेचणीआधी आठ दिवसांचा एक वर्ग घ्यावा. त्यात समितीचे सचिव, बँकेचा अधिकारी आणि शेतकऱ्याची लेक एकाच बाकावर बसावेत. गुलाबी बोंडअळी ओळखायला आपण शिकलोच ना? भाव खाणारी अळीही ओळखता आली पाहिजे. आणि शुल्काचा निर्णय व्हायच्या आधी मोंढ्यातली ती वही दिल्लीच्या टेबलावर पोचली पाहिजे.

चहाच्या बिलामागे मी आबांना तिन्ही भाषांचा हिशेब मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"इतकंच व्हय?" ते म्हणाले. "मग कर्ज देतानाच का नाही सांगितलं, साहेब?"

चहाचे पैसे मी दिले. ती बाकी मात्र अजून माझ्याच नावावर आहे.