उठबस

आमच्या धनजला मी खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. चालवतो म्हणजे काय, बसतो! सकाळी नऊला गल्ल्यामागच्या खुर्चीत बसलो की दुपारी जेवायला उठायचं, आणि मग एकदम रात्री कुलूप लावायला. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५०. हंगामात अशी किती पोती डोळ्यांसमोरून जातात त्याला गणती नाही. पण मशीनवर गिऱ्हाइकाचा अंगठा घ्यायचा आणि पावती फाडायची, यापलीकडे माझा त्या पोत्यांशी संबंध नाही. उचलायला हमाल आहे.

वय ४६. पोट सुखवस्तू. खेड्यात राहणारा माणूस मुळातच धडधाकट असतो, असा आपल्या सगळ्यांचा एक समज असतो ना, तो माझाही होता.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे माय न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही हे नशीब. पण तिला उठता येईना. तिचं वजन पन्नासेक किलो, म्हणजे बरोब्बर एक पोतं. मी काखेत हात घालून उचलायला गेलो आणि माझ्याच कमरेत उसण भरली. बायकोनं शेजारच्या पोराला हाक मारली. त्या दोघांनी मिळून मायला उठवलं आणि मी चौकट धरून नुसता बघत उभा. खाटेवर टेकल्यावर माय मलाच विचारते, "तुले लागलं तं नाही ना, बाबू?"

त्या दिवशी दुकानात बसून मी बराच वेळ पोत्यांच्या थप्पीकडे बघत होतो.

कंबर सुटल्यावर ठरवलं, आता व्यायाम. आणि मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. कॉलेजात असताना शंभर बैठका मारायचो ही आठवण ताजी होती (आठवणींना वय नसतं हो!), म्हणून पहिल्याच दिवशी पन्नास मारल्या. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या लाकडासारख्या. आमच्याकडचा संडास जुन्या पद्धतीचा आहे. बसलो खरा. उठण्याचं वर्णन इथे करत नाही. पुढचे चार दिवस मी दुकानाची पायरी उलटा होऊन उतरत होतो आणि व्यायामाचं भूत उतरलं होतं.

हमालानं विचारलं तेव्हा खरं सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, "भाऊ, पह्यल्या दिवशी कोणी पन्नास उचलते काय? माह्या बापानं मले पह्यले दोन महिने रिकामे बारदानेच वाहाले लावले होते." मायलो नावाच्या ग्रीक पैलवानाची एक दंतकथा आहे. तो म्हणे रोज एक वासरू उचलायचा, आणि वासराचा बैल झाला तरी त्याला ते जमत होतं. आमच्या हमालानं मायलोचं नाव ऐकलेलं नाही. पण शास्त्र तेच.

मला वाटतं आपली गोची इथेच आहे. व्यायाम म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक शाळेतल्या उठाबशा, म्हणजे शिक्षा. दुसरी तालमीतला पैलवान, म्हणजे पराक्रम. या दोन्हींच्या मधे काही असतं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. वास्तविक आमच्या या भागाला व्यायामाची केवढी परंपरा! अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं जर्मनीत जाऊन दाखवली. तिकडे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले. अभिमान वाटावा असंच आहे हे. पण त्या अभिमानात एक मेख आहे. मारुतीला नमस्कार करून आपण मोकळे होतो. ताकद ही तरुणांची आणि पैलवानांची गोष्ट, आपल्या वाट्याला फक्त नारळ फोडणं!

खरं तर जो दिवसभर बसतो आणि चाळिशी ओलांडतो, त्यालाच तिची जास्त गरज. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात आणि बसून राहणाऱ्याचे लवकर झिजतात. या झिजण्याला १९८९ साली एका अमेरिकन डॉक्टरांनी 'सार्कोपेनिया' असं नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'मांसाचं दारिद्र्य'. काय शब्द आहे! पोटावर सुबत्ता आणि मांड्यांत दारिद्र्य, हे माझं तंतोतंत वर्णन.

पण हे दारिद्र्य हटवता येतं. बोस्टनमध्ये झालेला एक प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. एकाला मधेच सोडावं लागलं, पण उरलेल्या नऊ जणांची मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग शेहेचाळिसाव्या वर्षी "आता कायचं होते" म्हणणारा मी कोण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असं म्हटलंय. नुसतं चालणं चांगलंच, पण ते त्यात मोडत नाही. आमच्या रस्त्यावर सकाळी फिरणारे बरेच दिसतात. जोर काढणारा एकही नाही.

म्हणून मी पुन्हा सुरुवात केली, यावेळी रिकाम्या बारदान्यापासून. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुकान उघडायच्या आधी वीस मिनिटं. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून आठ वेळा उठायचं आणि हळू बसायचं. भिंतीला हात टेकून आठ जोर. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून आठ वेळा कंबर उचलायची. पाच लिटरचा पाण्याचा कॅन जमिनीवरून आठ वेळा उचलायचा. थोडा दम खाऊन हे सगळं पुन्हा एकदा. बस्स. श्वास कोंडायचा नाही, सांध्यात कळ आली तर थांबायचं, आणि छातीत दुखलं तर व्यायाम बंद करून सरळ दवाखाना. मधले दिवस सुट्टी, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत.

पहिल्या आठवड्यात इतकं सोपं वाटलं की लाज वाटली. तिथेच आपण चुकतो. सोपं वाटलं म्हणजे वाया गेलं असं नाही. सुरुवातीचे काही आठवडे स्नायू फुगत नाहीत. मेंदू त्यांना कामाला लावायला शिकत असतो. आठाचे दहा झाले, दहाचे बारा. मग भिंत सोडून दिवाणाच्या काठावर जोर. पाचचा कॅन दहाचा झाला. ताटात वरण वाढलं, सोबत दही, आणि बायकोची नजर चुकवून उकडलेली अंडी. सात महिन्यांनी जमिनीवर पहिला पूर्ण जोर निघाला. एक. टाळ्या वाजवायला घरात कुणी जागं नव्हतं.

गावातली मंडळी टोमणे मारतात. "काऊन भाऊ, हमाली सोडून दंड काहाडता?" त्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. ज्याचं सगळं आयुष्य ओझं वाहण्यात जातं त्याला व्यायामाचं कौतुक कशाला सांगायचं? पण राबणं वेगळं आणि व्यायाम वेगळा, हेही मला हमालाकडूनच समजलं. तो एकाच बाजूनं, एकाच तऱ्हेनं वाहतो. दुखलं तरी थांबता येत नाही, आणि ओझं त्याच्या ताकदीनं ठरत नाही, गाडीत माल किती आला यावर ठरतं. चाळिशीतच त्याची पाठ गेलीय. मला कधी थांबायचं ते ठरवता येतं, ही माझी चैन आहे. ती असूनही मी वीस वर्षं नुसता बसून काढली, याचीच खरी लाज वाटायला हवी.

वाकायचं कसं ते त्यानंच शिकवलं. "कमरेनं नोका उचलू भाऊ, मांडीनं उचला. अन् पोतं आंगाशी घ्या." मायला उचलताना मी नेमकं उलटं केलं होतं.

मग झालं काय एवढं करून? वजन फक्त तीन किलो उतरलं. पोट जागेवरच आहे. शर्ट काढून फोटो टाकावा अशी परिस्थिती नाही आणि येणारही नाही. पण गेल्या महिन्यात हमाल आला नव्हता तेव्हा डीएपीची चार पोती मी स्वतः गिऱ्हाइकाच्या ऑटोत चढवली, आणि दुसऱ्या दिवशी पायरी सरळ उतरलो.

न्हाणीत आता फरशीवर खरबरीत पट्ट्या आहेत आणि भिंतीला धरायला दांडी. पण ताकदीचा खरा उपयोग मला जरा उशिरा कळला. आपण दुसऱ्याला उचलायला हवं तसंच आपल्याला कुणाला उचलावं लागू नये, हेही तितकंच. माझा मुलगा पुण्याला आहे. तीस वर्षांनी मी घसरलो तर शेजारचं पोर तरी घरी असेल का?

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची विचारपूस करताना "उठबस करतात ना अजून?" असं विचारतात. लहानपणी हा प्रश्न फार साधा वाटायचा. आता वाटतं, विचारण्यासारखा तोच एक प्रश्न आहे.

डॉक्टरांना विचारून हल्ली मायही माझ्यासोबत खुर्चीवरून उठते. मी समोर उभा राहतो, ती खुर्चीचे हात धरून पाच वेळा उठते आणि बसते. मोजायचं काम तिचंच. स्वतःचे पाच झाले की माझे मोजते, आणि बारा झाले तरी "दहाच झाले" म्हणते. भांडण्यात अर्थ नसतो. मी दोन जास्त काढतो.

असो. उद्या शुक्रवार. लवकर उठायचंय.